हातभर भिंत गिलाव्याविना

पत्र

बाई,

तुमच्या वर्गात मी कधी बसले नाही, तरी तुम्हाला बाईच म्हणते. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. एका मराठी शाळेत मराठी शिकवते. जुलैमध्ये माझे मिस्टर गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. आमच्या रीतीप्रमाणे सात दिवस जमिनीवर बसलो, महिना पाळला. नवऱ्यासाठी बायकोला महिनाच असतो, म्हणून एकतिसाव्या दिवशी शाळेत रुजू झाले. सगळे म्हणाले, धीराची आहे.

ऑक्टोबरात नववी ब मध्ये एक कविता शिकवत होते. बापाची कविता. दुसऱ्या कडव्याला माझा आवाजच गेला. रडले नाही, नुसता आवाज गेला. अख्खा वर्ग चिडीचूप बसून राहिला. तेव्हापासून त्या वर्गावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मुख्याध्यापिका म्हणतात, हवी तर रजा घ्या, पण मुलांचं नुकसान नको.

माझा मुलगा याच शाळेत, नववी अ मध्ये आहे. शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहात, जाऊन वडिलांसाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणतो. रडत नाही, बोलत नाही. स्नेहसंमेलनातल्या समूहगीताला पेटीवर त्याचं नाव संगीताच्या सरांनी घातलंय. सासूबाई म्हणतात, बाप जाऊन वर्ष व्हायचंय, वाद्याला हात लावायचा नाही. सर म्हणतात, तेवढंच मन रमेल. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. सगळे म्हणतात, आता घर पुन्हा उभं कर. म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

एक शिक्षिका, ठाणे

उत्तर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे वाचता वाचता मोजायची खोड आहे. पत्रात सासूबाईंचं म्हणणं आहे, सरांचं आहे, मुख्याध्यापिकांचं आहे, तुझंही आहे. तुझ्या मुलाचं मात्र एकही वाक्य नाही. रडत नाही, बोलत नाही, हे तू त्याच्याबद्दल लिहिलंस. पेटी वाजवायची आहे का, हे त्याला कुणी विचारलंय का? त्याच्याकडे मी नंतर येते, पण तोवर हा प्रश्न तुझ्याकडे राहू दे.

आधी तुझा वर्ग. कारण माझ्या मते पत्राचं दुखरं ठिकाण तिथे आहे आणि तू ते मधेच, घाईघाईने लिहून टाकलंयस.

कबरस्तानातून घरी आल्यावर पहिलं जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं, घरच्यांनी चूल पेटवायची नाही, ही आपली रीत तुला माहीत आहे. त्या जेवणात उकडलेलं अंडं असतं, मसूर असतात. मसूरच का, याचं उत्तर तालमूद या आपल्या जुन्या धर्मग्रंथात दिलंय. हरभऱ्याला चीर असते, वाटाण्याला डोळा असतो, मसुराला तोंडच नसतं. तसं शोकात बसलेल्या माणसालाही तोंड नसतं. (कुठल्या कडधान्याला कुठे चीर असते, हे तिथे नाही हो, ती माझी स्वयंपाकघरातली भर.) हा दाखला मी लहानपणी आजीकडून ऐकला तेव्हा मला तो नुसता गमतीचा वाटला होता. माझे वडील गेले तेव्हा त्याचा अर्थ कळला. मी तेव्हा नोकरीत नवी होते. सात दिवस झाल्यावर शाळेत गेले, फळ्यावर उदाहरण लिहिलं, वळले, आणि 'आता बघा' हे दोन शब्द तोंडातून फुटेनात. तुझा आवाज गेला, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की तो जुलैत जायचा तो ऑक्टोबरात गेला. मधले दिवस तू धीराची होतीस ना, म्हणून.

नवऱ्यासाठी महिनाच, हे तू लिहिलंस त्यात मला एक कळ जाणवली. बायको, नवरा, भाऊ, बहीण, पोटचं मूल, सगळ्यांसाठी तीस दिवस; फक्त आईबापांसाठी वर्ष. मुलाचा शोक अजून चालू आणि तुझा संपला, असं कागदावर दिसतं. मलाही तरुणपणी हा हिशेब फार खटकायचा. मग एकदा तालमूदमधलं मूळ वाक्य वाचायला मिळालं. तीन दिवस रडण्याचे, सात विलापाचे, तीस केस न कापण्याचे आणि इस्त्रीचे कपडे न घालण्याचे. पुढे देव म्हणतो, तुम्ही त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त माया करता असं समजू नका. नीट बघ. तीस दिवस कसले? केसांचे आणि कपड्यांचे. केस कधी कापायचे, इस्त्री कधी करायची, दाराबाहेर कधी पडायचं, एवढंच ते सांगतात, कारण शोकातल्या माणसाला हे ठरवायची ताकद नसते आणि कुणीतरी ठरवून दिलेलं बरं असतं. तुझ्या स्टाफरूममधल्या बायकांना दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध ठाऊक आहे, त्यांना हे एका वाक्यात समजेल. एकतिसाव्या दिवशी मन मोकळं झालं पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नाही. तू घंटा ऐकलीस आणि वर्गात गेलीस. मन मागे व्हरांड्यात रेंगाळत राहिलं, तर त्याला गैरहजर मांडू नकोस.

आणखी एक गोष्ट सांगते, ती खास आपल्या धंद्याची आहे. शिव्हाच्या, म्हणजे शोकाच्या पहिल्या सात दिवसांत तोरा, म्हणजे आपलं धर्मशास्त्र, शिकायची नाही. बंदी का? तर शिकण्याने मन हरखतं, आणि शोकात हरखायचं नाही. बायबलमधलं ईयोबचं पुस्तक वाचलेलं चालतं, विलापगीत चालतं, यिर्मयातला दुःखाचा भाग चालतो. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखी अभ्यास हा सणासुदीच्या पंगतीतला पदार्थ होता. (माझ्या गणिताच्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं असतं तर बाकांवर डोकी ठेवून हसली असती.) तर तू एकतिसाव्या दिवशी नुसती 'कामावर' रुजू झाली नाहीस. आनंदाच्या जागी गेलीस, तेही काही झालंच नाही असा चेहरा करून. तिथेच ते अडलं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ती गोष्ट. तालमूदमध्येच आहे. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, येहूदा बार इलाई यांचा मुलगा गेला. लोकांना त्यांच्या शिकवण्याची गरज होती, आणि नियम असा की गरज असेल तर शिकवणाऱ्याने मागे राहू नये. ते पाठशाळेत गेले. त्यांच्याबरोबर रब्बी हनन्या बेन अकाव्या आत गेले आणि त्यांना लागून बसले. रब्बी येहूदा त्यांच्या कानात हळू आवाजात सांगायचे. हनन्या ते दुभाष्याच्या कानात सांगायचे. आणि दुभाष्या मोठ्याने सगळ्या वर्गाला.

मला हे चित्र फार आवडतं. मुलगा गेलेला मास्तर, आवाज पुरत नाही, तरी पाठ बंद नाही. आणि मास्तरच मोठ्याने बोलला पाहिजे असा हट्टही नाही. शेजारी एक माणूस बसला, की भागलं.

याच पानावर रब्बी योसे यांचंही नाव येतं. झिप्पोरी गावात त्यांचा मुलगा गेला आणि ते पाठशाळेत जाऊन दिवसभर शिकवत राहिले. म्हणजे कुणाला दिवसभर बोलून निभावतं, कुणाला कुजबुजून. तू योसे आहेस असं सगळ्यांनी धरलं, तूही धरलंस. बहुधा तू येहूदा आहेस.

हे दोघे गुरुबंधू. त्यांचे गुरू रब्बी अकिवा. त्यांचे 24,000 शिष्य पेसाह आणि शाबुओथ या दोन सणांच्या मधल्या काळात मेले, असं परंपरा सांगते. जग ओसाड पडलं, असेच शब्द आहेत. मग अकिवा दक्षिणेकडे गेले आणि पाच जणांना शिकवलं. मेईर, येहूदा, योसे, शिमोन आणि एलाझार. चोवीस हजारांनंतर पाच! आणि पुढे तोरा टिकली ती या पाचांमुळे. घर पुन्हा उभं कर असं म्हणणाऱ्यांच्या मनात नेहमी चोवीस हजारांचा आकडा असतो. तू पाचांपासून धर. पाचांपासून म्हणजे नववी ब चा एक तास.

तर असं कर. मराठीचीच, नाहीतर इतिहासाची, जी कुणी सहकारी तुला जवळची असेल तिचा मोकळा तास बघ. एक आठवडाभर तिला तुझ्या वर्गात मागच्या बाकावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायला सांग. तिने काही करायचं नाही. तुझा आवाज अडला तर तिने उठायचं आणि पुढची ओळ वाचायची. मराठीचा तास आहे, तुझं नशीब चांगलं. प्रकट वाचन मुलांकडूनच करून घ्यायचं असतं. गणितात मला ही सोय नव्हती. आणि ती कविता टाळून पुढच्या धड्यावर उडी मारू नकोस. अर्धवट राहिलेली कविता त्या मुलांच्याही घशात अडकली असेल. वर्गात गेल्यावर एवढंच सांग, 'मागच्या वेळी ही कविता शिकवताना माझा आवाज गेला. माझ्या मुलाचे बाबा जुलैमध्ये गेले, म्हणून. आज तुम्ही वाचा, मी ऐकते.' एवढं पुरे. पुढे तासाचं काम. त्या वर्गात बाप नसलेली, किंवा असून नसलेली दोन-चार तरी मुलं असतील. त्यांना त्या तीन वाक्यांत काय मिळेल, ते तू मोजायला जाऊ नकोस.

मुख्याध्यापिकांचं बोलणं तुला लागलंय, ते लागण्यासारखंच आहे. पण त्यांना अभ्यासक्रम संपवायचा आहे, पालकांना तोंड द्यायचं आहे. तू त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलीस तर त्या रजेचा अर्ज पुढे करतील. वरची योजना घेऊन गेलीस तर बहुधा हो म्हणतील. मुख्याध्यापकांना तयार योजना फार आवडते.

स्टाफरूमबद्दल तू लिहिलं नाहीस, पण मला दिसतेय. तू आत आलीस की बोलणं थांबतं, नाहीतर कुणीतरी 'काळ हेच औषध' म्हणतं. त्यांचा फार राग धरू नकोस. ईयोबचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत, तोवर ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवसापासून त्यांनी समजावायला सुरुवात केली आणि सगळं बिघडलं. शोकातला माणूस तोंड उघडेपर्यंत भेटायला आलेल्याने बोलायचं नाही, हा आपला नियम तिथूनच आला. तो बाहेरच्यांना कसा ठाऊक असणार? तूच आधी बोल. डब्याच्या सुट्टीत मिस्टरांबद्दल काहीतरी साधं सांग, त्यांना भेंडीची भाजी कशी लागायची असलं काहीतरी. त्यांना परवानगी हवी आहे, बस.

आता मुलगा. धर्माचा कायदा सासूबाईंच्या बाजूने आहे, हे आधी मान्य करू. आईबाप गेल्यावर वर्षभर समारंभाला, गाण्याबजावण्याला जायचं नाही, हे खरं. आणि तेरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला ते लागू होतं, हेही खरं. पण आनंदासाठी गाणं वेगळं आणि शाळेचं काम म्हणून वाजवणं वेगळं, असा फरक करणारे जाणकारही आहेत. म्हणून तू, मुलगा आणि सासूबाई, तिघं मिळून तुमच्या हज्जानकडे, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात त्यांच्याकडे, जा आणि विचारा. तुम्ही दोघी भांडून ठरवाल तर जो निकाल लागेल तो त्या पोराला जन्मभर टोचेल. बाहेरच्या माणसाने दिलेला निकाल तेवढा टोचत नाही, हाही त्या नियमांचा एक उपयोग.

पण जाण्याआधी मुलाला विचार. समोर बसवून, डोळ्यांत बघून नको. चौदा-पंधराचं पोर समोरासमोर काही सांगत नाही. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला चालायला ने आणि चालता चालता विचार. आणि 'नाही' हे उत्तरही ऐकायची तयारी ठेव. कदाचित त्याला पेटी वाजवायचीच नसेल आणि आजीच्या नियमामागे तो मुकाट्याने लपत असेल. कदाचित वाजवायची असेल आणि त्या इच्छेचीच त्याला लाज वाटत असेल. मधले रस्तेही पुष्कळ आहेत. समूहगीताऐवजी सुरुवातीच्या प्रार्थनेला पेटी धरेल, पडद्यामागे दिवे सांभाळेल, तालमीला मित्राला सूर दाखवेल आणि कार्यक्रमाच्या दिवशी घरी राहील.

'मन रमेल' या शब्दांची मला भीती वाटते, कारण ते मी स्वतः वापरले आहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई गेली होती. नाटकात तिचं काम होतं. महिन्या-दीड महिन्याने मी तिला पुन्हा उभी केली, मन रमेल म्हणून. काम चोख केलं तिने. टाळ्या पडल्या. मी खूश. नाटक संपल्यावर सगळ्या मुलींच्या आया पोशाख आवरायला, केसांतल्या पिना काढायला विंगेत आल्या. ती एकटी आरशासमोर बसून पिना काढत होती. मला ते आधी सुचलंच नव्हतं. शिव्हाच्या घरात आपण आरसे झाकतो आणि मी त्या पोरीला सहाव्या आठवड्यात दिव्यांच्या आरशासमोर बसवलं. तुझा मुलगा वाजवणार असेल, तर गाणं संपल्यावर त्याची पेटी उचलायला कोण येणार, हे आत्ताच ठरव.

कद्दिशचं त्याचं बरं चाललंय, असं मला वाटतं. तो घरी बोलत नाही, पण आठवड्यातून एकदा उभा राहून मोठ्याने बोलतो. त्या प्रार्थनेत मरण हा शब्द नाही, बापाचं नाव नाही. आणि मुळात ती पाठशाळेत पाठ संपल्यावर म्हणायची प्रार्थना. दहा जण असल्याशिवाय ती म्हणताच येत नाही, आणि त्यांनी 'आमेन' म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणजे अकरा महिने बाकीची नऊ माणसं तरी त्या पोराला उत्तर देत राहतात. समाज एवढासा उरलाय, पण ठाण्यात ती दहा माणसं अजून जमतात, हे काय कमी आहे? पलीकडच्या जागेवरून तूही मोठ्याने 'आमेन' म्हण, त्याला तुझा आवाज कळेल असं.

पण एक लक्ष ठेव. जेवण तुटलं, झोप उडाली, मित्र सुटले, जगून काय करायचं असं काही तो बोलला किंवा वहीत लिहिलेलं दिसलं, तर हज्जान नको, मी नको, सरळ डॉक्टर. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, रात्रीबेरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुलाही तो चालेल. तिबेरियाचे रब्बी योहानान आजाऱ्याचा हात धरून त्याला उठवायचे. तेच आजारी पडले तेव्हा रब्बी हनिना आले आणि त्यांनी हात धरून उठवलं. मग स्वतःलाच का नाही उठवलं त्यांनी? तालमूदचं उत्तर: कैद्याला स्वतःची सुटका करता येत नाही.

हे योहानान कोण, माहीत आहे? दहा मुलगे गमावलेला बाप. दहाव्याचं एक हाड ते जवळ बाळगायचे आणि दुसऱ्या दुःखी माणसाला दाखवायचे, हे माझ्या दहाव्याचं. तुझं पत्र वाचल्यापासून मला तुझ्या सासूबाईंबद्दल वाईट वाटतंय. त्यांचा मुलगा गेलाय गं. पोटच्या मुलासाठी कायद्याने त्यांनाही तीसच दिवस मिळाले, तुझ्याइतकेच, आणि तुला निदान शाळा तरी आहे. नातवाच्या वर्षाला त्या इतक्या घट्ट धरून बसल्यात, कारण घरात उघडपणे चालू असलेला शोक तेवढाच उरलाय. तो संपला की त्यांचाही संपला असं धरतील सगळे. पेटीच्या वादात त्यांना हरवू नकोस. त्यांना मुलाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायला लाव, आणि नातवाला ऐकायला बसव. तो बोलत नसेल तर ऐकेल तरी.

शेवटी तुझा प्रश्न. घर पुन्हा उभं करायचं म्हणजे काय.

इसवी सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं तेव्हा पुष्कळ लोकांनी मांस आणि दारू सोडली. रब्बी येहोशुआ त्यांच्याकडे गेले, म्हणाले, का सोडलंत? ते म्हणाले, ज्या वेदीवर मांस वाहत होतो, द्राक्षारस ओतत होतो, ती वेदीच उरली नाही, मग खायचं-प्यायचं कसं? येहोशुआ म्हणाले, मग भाकरीही सोडा, पिठाचा नैवेद्यही बंद झाला. फळांवर राहू, ते म्हणाले. फळंही नकोत, पहिल्या फळांचं अर्पण बंद झालं. दुसरी फळं खाऊ. मग पाणीही नको, पाण्याचं अर्घ्यही बंद झालं. तेव्हा ते गप्प झाले. मग येहोशुआ म्हणाले, पोरांनो, अजिबात शोक करायचा नाही हे जमणार नाही, आणि अति शोकही झेपणार नाही. म्हणून माणसाने घराला गिलावा करावा आणि थोडी जागा तशीच सोडावी.

किती जागा? एक अम्मा बाय एक अम्मा, दारासमोरच्या भिंतीवर. अम्मा म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. आपला हात. हातभर.

त्यात दोन्ही गोष्टी आल्या बघ. गिलावा करायचाच आहे. आख्खं घर उघड्या विटांचं ठेवून बसायचं नाही. आणि ती हातभर जागा झाकायचीही नाही, कपाटामागे ढकलायची नाही, दारासमोर ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. इस्राएलमध्ये आपली माणसं आहेत, अश्दोदला, दिमोनाला, त्यांना विचार. तिथल्या कित्येक शाळांत युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा कोपरा असतो. त्यांच्या स्मरणदिनाला सकाळी भोंगा वाजतो, दोन मिनिटं सगळं जागच्या जागी उभं राहतं, आणि मग पुन्हा हलू लागतं.

तुझ्या घरातली हातभर जागा कुठली, हे तूच ठरव. त्यांची चप्पल दारात ठेवायची की त्यांची खुर्ची रिकामी ठेवायची की शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशचा, म्हणजे द्राक्षारसावरच्या आशीर्वादाचा, पेला मुलाने धरायचा आणि ते म्हणायचे त्या चालीत म्हणायचं. एकच ठरव. दहा ठरवशील तर भिंतच उरणार नाही. बाकीच्या भिंतींना बिनधास्त गिलावा कर. पडदे बदल, दिवाळीच्या सुट्टीत राहिलेली सहल मेमध्ये काढ, पोराच्या दहावीचा क्लास लाव, हसू आलं तर हस. गॅसच्या पुस्तकावरचं नाव बदलायचं असेल ते बदल. असल्या कागदांची लाज वाटून घेऊ नकोस.

आपल्या समाजाची गोष्टसुद्धा कबरींपासूनच सुरू होते, हे तू लहानपणापासून ऐकलं असशील. कोकणात नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, वाहून आलेल्यांना त्यांनी तिथेच पुरलं. पोथ्या बुडाल्या. आठवलं काय? शमा प्रार्थना, शब्बाथ, सुंता, काय खायचं आणि काय नाही. आख्यायिका आहे, सनावळी विचारू नकोस. पण तेवढ्यावर तेलाचे घाणे चालले, शनिवारी बंद राहिले, लोक 'शनिवार तेली' म्हणाले, गावोगावची आडनावं लागली, आणि 1875 मध्ये मुंबईत आपल्यातल्याच हाईम केहिमकरांनी शाळाही काढली. तुझ्यापाशी त्यांच्यापेक्षा जास्त उरलंय. नवरा काय बोलायचा, कुठे चिडायचा, चहात साखर किती, सगळं आठवतंय. मुलालाही आठवतंय, तो सांगत नाही इतकंच.

नववी ब चा तास झाला की मला लिही. मागच्या बाकावर कोण बसलं आणि कविता कुणी वाचली, तेवढं पुरे. आणि सासूबाईंना माझा शालोम सांग. त्या माहेरच्या कुठल्या कर, तेही विचार. पेणकडच्या असतील तर माझी आजी त्यांच्या घरी मसूर घेऊन गेलेली असणार.